सावडीचा कारभार

ज्याच्या गोठ्यात एकच बैल, तो शेजाऱ्याशी सावड करतो. आज तुझे रान, उद्या माझे. राज्यकारभारातही कधी कधी अशी सावड करावी लागते. तिलाच संमिश्र मंत्रिमंडळ म्हणतात.

केरळचेच उदाहरण घेऊ. १९६० साली तेथे विधानसभेच्या १२६ जागांची निवडणूक झाली. काँग्रेसला ६३, कम्युनिस्टांना २९, प्रजासमाजवाद्यांना २० आणि मुस्लिम लीगला ११ जागा मिळाल्या. शिक्षकांनी हा हिशेब फळ्यावर मांडावा. १२६ चे निम्मे ६३. पण बहुमताला निम्म्याहून एक तरी अधिक हवा. म्हणजे काँग्रेस एकाने उणी पडली! निवडणुकीआधीच या तीन पक्षांचा समझोता झालेला होता. मुख्यमंत्रिपद गेले धाकट्या भावाकडे, प्रजासमाजवादी पट्टम थाणू पिळ्ळै यांच्याकडे. काँग्रेसचे आर. शंकर उपमुख्यमंत्री झाले. लीगला मंत्रिपद नाही, सभापतिपद मिळाले.

१९६२ मध्ये पट्टम पंजाबचे राज्यपाल होऊन गेले, शंकर मुख्यमंत्री झाले आणि लवकरच प्रजासमाजवादी मंत्रिमंडळातून बाहेर पडले. सावड मोडली. आता तरी एकाच पक्षाचे राज्य सुरळीत चालावे ना? तसे झाले नाही. १९६४ मध्ये काँग्रेसमधलेच काही आमदार उलटले, अविश्वासाचा ठराव संमत झाला आणि सरकार पडले. घरची भांडणेही घर मोडतात, ती अशी.

पुढे १९६५ ची निवडणूक झाली. कोणालाच बहुमत नाही, आणि सावड करायलाही कोणी तयार नाही. निवडून आलेली विधानसभा एकदाही न भरता विसर्जित झाली. लोकांनी उन्हातान्हात रांगेत उभे राहून दिलेली मते वाया गेली. १९६७ पर्यंत राष्ट्रपतींची राजवट राहिली.

त्याच केरळात १९७० ते १९७७ अच्युत मेनन यांनी अनेक पक्षांचे मंत्रिमंडळ चालवले. काँग्रेसने आधी बाहेरून पाठिंबा दिला, १९७१ मध्ये ती आत आली. तेव्हा दोष सावडीचा नव्हे, सावड पाळण्या-न पाळण्याचा आहे.

एकट्या आमदाराने पक्ष सोडू नये म्हणून १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा झाला. पण पक्षापक्षांतला शब्द पाळायला लावणारा कायदा नाही. ते काम मतदाराचे. मत मागायला येईल त्याला विचारावे : बाबा, बहुमत नाही मिळाले तर कोणाबरोबर बसणार, आणि कोणत्या कामासाठी?