दिव्याचे मुद्दल

तंजावरच्या उत्तरेस बारा-तेरा किलोमीटरवर, कावेरीच्या तीरावर तिरुवैयारु वसले आहे. तमिळ भाषेत 'तिरु' म्हणजे पवित्र, 'ऐ' म्हणजे पाच आणि 'आरु' म्हणजे नदी. पाच नद्यांच्या या पवित्र गावी संत त्यागराज (१७६७-१८४७) यांची समाधी आहे आणि दरवर्षी पौष वद्य पंचमीस तेथे देशभरातील गायक-वादक एकत्र येतात. त्यागराजांच्या हयातीत तंजावरच्या गादीवर मराठी राजे होते. त्यामुळे मराठी माणसाला हे गाव दूरचे असूनही परके वाटत नाही.

गावातील पंचनदीश्वराचे मंदिर मात्र मराठी अमलाहून कितीतरी जुने आहे. राजराज चोळाची राणी लोकमहादेवी हिने त्याच्याच आवारात 'उत्तर कैलासम्' हे देवालय उभारले. चोळ काळातील अशा देवळांच्या दगडी भिंती म्हणजे त्या काळच्या हिशेबाच्या वह्याच होत. जमिनी, सोने, दागिने यांच्या नोंदींबरोबर या भिंतींवर पुन्हा पुन्हा आढळणारी एक देणगी आहे, ती म्हणजे देवापुढे अखंड तेवणारा नंदादीप.

मेंढ्या मुद्दल, तूप व्याज

नंदादीप लावणे सोपे. तो शतकानुशतके तेवत ठेवणे कठीण. त्यासाठी त्या काळच्या लोकांनी योजलेला उपाय बँकेच्या व्यवहाराशी परिचय असलेल्या कोणालाही चटकन उमगेल. दाता देवळाला तूप देत नसे. तो मेंढ्या देत असे. तंजावर परिसरात एका दिव्यासाठी बहुधा ९६ मेंढ्यांचा प्रघात होता. हा कळप धनगरांच्या स्वाधीन केला जाई आणि त्यांनी रोज एक 'उळक्कु' या ठरलेल्या मापाने तूप देवळात पोहोचवावे, असा करार असे. लेखांत या मेंढ्यांना 'न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या' असे विशेषण लावलेले आढळते. मेंढी मरते, म्हातारीही होते. पण तिच्या जागी नवी येते आणि कळपाची संख्या कायम राहते. मुद्दलाला हात न लावता केवळ उत्पन्नावर दिवा तेवत ठेवण्याची ही व्यवस्था होती.

इ. स. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील लेखांत तर याचे दरपत्रकच सापडते. एका दिव्यासाठी ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी. म्हणजे एक गाय दोन मेंढ्यांच्या बरोबरीची आणि एक म्हैस सहा मेंढ्यांच्या. मिश्र कळप दिला तरी हिशेब याच प्रमाणात जुळवला जाई.

दिव्याला तेल-तुपाचे मुद्दल लागते, तसे आणखीही एक मुद्दल लागते. ते म्हणजे दिवा घडविणारी धातू, माती आणि कारागिराचा हात. तंजावरच्या पितळी दिव्यांची कथा या दुसऱ्या मुद्दलाची आहे.

मराठी राजकन्येचा दीप

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे भोसले यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरचे राज्य हाती घेतले. हा मराठी अंमल १८५५ पर्यंत टिकला. या जवळजवळ दोन शतकांत मराठी घराणे तमिळ भूमीच्या चालीरीतींशी एकरूप झाले. याची एक साक्ष दिव्याच्याच रूपाने उरली आहे.

तमिळनाडूत हातात पणती धरून उभ्या असलेल्या स्त्रीच्या मूर्तीला 'पावै विळक्कु' म्हणतात. 'विळक्कु' म्हणजे दिवा. मराठीत हीच दीपलक्ष्मी. देवळाला दिवा अर्पण करणाऱ्या स्त्रीने आपले रूप अशा मूर्तीत घडवून घ्यावे, म्हणजे आपण देवापुढे कायम दिवा धरून उभ्या राहिलो असे होते, ही त्यामागील भावना. कुंभकोणमजवळील तिरुविडैमरुदूर येथील महालिंगस्वामी मंदिराला मराठा राजघराण्यातील एका युवतीने १८५३ मध्ये अशी दीपलक्ष्मी अर्पण केली. मूर्तीच्या बैठकीवर तमिळ लेख आहे. नात्यातील प्रतापसिंह हाच पती म्हणून लाभावा यासाठी तिने लक्षदीपांचा नवस केला होता. तो फळाला आला, तेव्हा तिने नवसाचे दिवे लावले आणि त्यांपैकी एक आपल्याच मूर्तीच्या हाती दिला. त्यानंतर दोनच वर्षांनी तंजावरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. राज्य गेले, नवसाच्या दिव्याची गोष्ट राहिली.

न दिसणारी माती

कुंभकोणमच्याच परिसरात नाचियारकोविल हे गाव आहे. भाविकांना ते तेथील विष्णुमंदिरामुळे आणि दगडी गरुडामुळे माहीत आहे. गृहिणींना मात्र ते 'कुत्तुविळक्कु'मुळे, म्हणजे उभ्या पितळी समईमुळे माहीत असते. पिढ्यान्‌पिढ्या ओतकाम करणाऱ्या पत्तर समाजाच्या कारागिरांनी ही कला तेथे जोपासली. नाचियारकोविलच्या समईला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले.

विशिष्ट गावाचे नाव वस्तूला चिकटते, तेव्हा त्या गावात असे काय आहे, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो. तांबे आणि जस्त तर बाहेरूनच येते. स्थानिक आहे ती कावेरीच्या खोऱ्यातील गाळाची बारीक माती. तिला तेथे 'वंडल' म्हणतात. समईत या मातीचा एक कणही उरत नाही. पण समईचा आकार तिनेच दिलेला असतो.

ओतकामाची रीत अशी आहे. चौकटीच्या दोन भागांत किंचित ओलसर माती ठासून भरतात. मधोमध समईच्या एकेका भागाचा नमुना दाबतात आणि अलगद काढून घेतात. मातीत राहिलेल्या पोकळीत वितळलेले पितळ ओततात. माती जाडसर असेल तर पितळेचा पृष्ठभाग खरबरीत होतो. ओल जास्त असेल तर तापलेल्या धातूमुळे पाण्याची वाफ होऊन ओतीव भागात छिद्रे पडतात. ओल कमी असेल तर साच्याची कड ढासळते. नमुन्याची प्रत्येक रेघ धरून ठेवणारी, तरीही वायूंना वाट देणारी माती मिळणे हे भाग्य आणि ती नेमकी किती ओलवावी हे समजणे हे कौशल्य. हे मोजायचे यंत्र म्हणजे कारागिराची मूठ!

समई एकसंध ओतलेली नसते. बैठक, दांडा, तेलाची वाटी आणि शिखर असे तिचे चार मुख्य भाग वेगवेगळे ओतले जातात. मग कानशीने कडा साफ करून ते भाग लेथवर कातले जातात, छिन्नीने नक्षी कोरली जाते आणि शेवटी झिलई दिली जाते. भाग एकमेकांत आट्यांनी बसतात. त्यामुळे समई सुटी करून घासता येते व प्रवासात नेता येते. वाटीला पाच वातींसाठी पाच चोची असतात आणि शिखरावर बहुधा हंस विराजमान असतो. बोटभर उंचीच्या दिव्यापासून पुरुषभर उंचीच्या समईपर्यंत सर्व आकार येथे घडतात. बैठक रुंद आणि जड ठेवण्यामागे शोभेपेक्षा सुरक्षितता अधिक आहे. भार तळाशी असला की धक्का लागूनही तेलाने भरलेली समई सहसा कलंडत नाही.

पितळच का?

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. शुद्ध तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. पितळ साधारण ९०० ते ९४० अंशांतच वितळते आणि साच्याच्या कानाकोपऱ्यांत सहज शिरते. जस्त मात्र ९०७ अंशांस उकळू लागते. म्हणून जाणकार ओतारी मुशीत आधी तांबे वितळवितो आणि जस्त शेवटी घालतो. तरीही थोडे जस्त पांढऱ्या धुराच्या रूपाने उडून जातेच. हा धूर फुप्फुसांना अपायकारक असतो. भट्टीवरचे छप्पर उंच आणि हवा खेळती असणे ही म्हणूनच चैन नव्हे, गरज होय.

देवमूर्तींसाठी याच परिसरातील स्वामिमलै येथे मेणाच्या नमुन्यावरून ओतकाम करतात. मेण वितळून जाते आणि त्या जागी धातू येतो. या पद्धतीचे वर्णन कल्याणीच्या चालुक्य राजाच्या, तिसऱ्या सोमेश्वराच्या, 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात आहे. मूर्तीसाठी साचा एकदाच वापरला जातो. समईच्या ओतकामात मात्र एकाच नमुन्यावरून अनेक साचे करता येतात. त्यामुळेच समई देवळातून घराघरांत पोहोचू शकली.

दिव्यासाठी पितळेची निवड जगाच्या दुसऱ्या टोकालाही झाली. तंजावरच्या पूर्वेस समुद्रकाठी असलेल्या तरंगंबाडी येथे १६२० पासून १८४५ पर्यंत डेन्मार्कची वखार होती. त्याच डेन्मार्कमध्ये विसाव्या शतकात टेबलावरील विजेच्या दिव्यांची नवी घडण विकसित झाली. पौल हेनिंगसेन यांनी १९२५-२६ पासून एकाखाली एक अशा तीन झडपांचा दिवा सिद्ध केला. झडपांचा आकार असा की दिव्यासमोर बसलेल्याच्या डोळ्यांवर प्रकाशाची तिरीप थेट येऊ नये. फिनलंडच्या पाव्हो ट्युनेल यांनी पितळी पत्र्याला बारीक छिद्रे पाडून प्रकाश गाळून घेतला. पुढे सागवान, दुधी काच आणि घडीचा कागदही या दिव्यांत आला. आज असे जुने दिवे जगभरचे संग्राहक शोधत असतात.

दोन्हींकडे पितळ असले तरी त्याचे काम निराळे आहे. उत्तर युरोपातील दिव्यात विजेचा प्रखर प्रकाश झाकण्यासाठी व सौम्य करण्यासाठी पितळ लागते. समईची ज्योत मुळातच सौम्य. तिला झाकायचे नसते. तेथे पितळ ज्योतीला उंची देते, तेलाचा भार पेलते आणि उष्णता वाहून नेऊन तेल पातळ ठेवते, त्यामुळे वातीला ते सहज ओढता येते.

घेताना आणि जपताना

समई विकत घेताना काही साध्या गोष्टी पाहाव्यात. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर केवळ मुलामा आहे, हे निश्चित. बैठक उलटी करून आतील न घासलेला भाग पाहावा. ओतकामाचा दर्जा तेथेच कळतो. वाटीत पाणी भरून काही वेळ ठेवले तर बारीक छिद्रे असल्यास ती उघडी पडतात. आटे शेवटपर्यंत सरळ बसतात ना आणि दांडा ओळंब्यात उभा राहतो ना, हेही तपासावे.

तेलातील आम्ले पितळेतील तांब्याशी संयोग पावून वाटीत हिरवट चिकट थर धरतात. तो कोमट पाणी आणि रिठ्याने काढावा, मग चिंच किंवा लिंबू लावून लगेच स्वच्छ धुवावे व पूर्ण कोरडे करावे. आंबट पदार्थ फार वेळ राहिल्यास जस्त झडून पितळेवर तांबूस डाग पडतात. जुन्या, पिढीजात समईचा गडद रंग मात्र घासून काढू नये. वय हेच तिचे भूषण असते. शंभर वर्षांहून जुन्या धातूच्या कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतात आणि त्या खासगीरीत्या परदेशी नेता येत नाहीत, हे परदेशस्थ आप्तांना भेट पाठविताना ध्यानात ठेवावे.

मुद्दल सांभाळणारे हात

पितळी समई बाजारात बहुधा वजनावर विकली जाते. ग्राहकाला हा हिशेब सोपा वाटतो. परंतु त्यात एक अन्याय दडलेला आहे. तराजू धातू तोलतो, कौशल्य तोलत नाही. कुशल कारागीर भिंत पातळ, रेघ नाजूक आणि कातकाम नेटके करतो. म्हणजे धातू कमी आणि श्रम अधिक. नुसत्या वजनाने मोल केले तर त्याने घेतलेले श्रमच त्याच्या तोट्याचे ठरतात. धातू तो रोख पैसे देऊन आणतो. समई विकली जाईपर्यंत ते पैसे अडकून राहतात. धातूचा भाव वाढला की तेवढ्याच भांडवलात कमी समया ओतता येतात. अशा वेळी वेळेवर मिळालेले खेळते भांडवल हा त्याच्या भट्टीचा खरा भाता असतो. हे भांडवल मिळाले नाही, तर तो व्यापाऱ्याकडून धातू घेऊन मजुरीवर काम करू लागतो, आणि पुढची पिढी भट्टीकडे पाठ फिरविते.

नाव गावाला मिळाले, कायद्याचे संरक्षण मिळाले. पण नावाने भट्टी पेटत नाही. दिवाळीसाठी किंवा लेकीच्या लग्नासाठी समई घेणाऱ्या कुटुंबाने वजनाबरोबर घडणीचेही मोल विचारले आणि आनंदाने दिले, तर त्या पैशाचा एक वाटा या मुद्दलात जमा होईल.

हजार वर्षांपूर्वी कावेरीकाठच्या दात्यांनी तूप न देता मेंढ्या दिल्या, कारण त्यांना दिवा एका रात्रीपुरता लावायचा नव्हता. कळपातील प्रत्येक मेंढी कधी ना कधी गेली. कळप राहिला, म्हणून दिवा राहिला. कारागिरांचेही तसेच आहे. एकाच्या मुठीतील मातीची जाण दुसऱ्याच्या मुठीत वेळेवर उतरली, तरच तो कळप न मरणारा, न म्हातारा होणारा ठरेल.