पारव्याच्या पिसांतली माशी

कारंजाकडील एका जिनिंगच्या पत्र्याखाली दुपारच्या सुटीत आम्ही कामगारांशी बोलत बसलो असता तुळईवरून पारव्याचे पिल्लू खाली पडले. उचलताच पिसांतून एक चपटी माशी निघाली आणि खेकड्यासारखी तिरपी धावत आमच्या बाहीत शिरली. चिमटीत धरली तरी चिरडेना. “भाऊ, तुमच्या भाषणातलं बांडगूळ थे हेच का?” एकाने विचारले. सारे हसले, पण माश्या अंगावर येतात म्हणून घरटी आजच पाडायची, असेही पोरांनी ठरविले.

तो शब्द आम्ही तीस वर्षे वापरला होता. प्राणी मात्र प्रथमच पाहिला. शाळा लवकर सुटलेल्या माणसाला पुस्तकाचाच आधार. तिकडे वळलो.

ही माशी पारव्याच्या रक्तावर जगते. नर आणि मादी दोघेही रक्त पितात. अंग चपटे व चिवट, म्हणून चोचीला सहज दाद देत नाही. नखे आकड्यासारखी, म्हणून पिसांतून सुटत नाही. घरमाशी शेकडो अंडी घालते, ही एकही बाहेर टाकीत नाही. एका वेळी एकच अळी आईच्या पोटात दुधासारख्या रसावर वाढते. पूर्ण वाढ झाल्यावरच ती बाहेर येते आणि लवकरच तिचा काळा, टणक कोष होतो. घरट्याच्या कचऱ्यात पडलेल्या त्या कोषातून साधारण तीन-चार आठवड्यांनी माशी निघते.

गंमत अशी, की या माशीलाही स्वार भेटतात. पिसांतल्या काही उवा तिला धरून दुसऱ्या पारव्यावर जातात. शिवाय ती पारव्यांत हिवतापासारखा एक रक्तरोग पसरविते. पक्ष्यांचा हिवताप डास पसरवितो, हे रोनाल्ड रॉस यांनी 1898 मध्ये कलकत्त्यास दाखविले. या दुसऱ्या रोगाची वाहक ही माशी आहे, हे सर्जां बंधूंनी 1906 मध्ये अल्जीरियात दाखविले. हा रोग माणसाला होत नाही.

तेव्हा पिल्लांसकट घरटी पाडण्याचे कारण नाही. पिल्ले उडून गेल्यावर तोंडाला फडके बांधून रिकाम्या घरट्याचा कचरा काढावा आणि कापसापासून दूर नेऊन जाळावा. कोष त्यातच संपतात. पोरांना हे पटले, घरटी राहिली.

राहता राहिला आमचा शब्द. माशीला रक्तावाचून दुसरा घास नाही; दुसऱ्याच्या घामावर जगणाऱ्या माणसाला तो असतो. तेव्हापासून सभेत आम्ही शोषणाला शोषणच म्हणतो.