एलियाहू हनाबीचा टापा
रेवदंड्याला आलात की किल्ला, समुद्र आणि कोर्लई करून लगेच परत फिरू नका. गावात बेने इस्रायली ज्यूंचं बेथ एल सिनेगॉग आहे, १८४२ चं. या ‘शनिवार तेल्यां’ची (पूर्वी धंदा तेल गाळण्याचा, पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद!) भन्नाट लोककथा मात्र अलिबागजवळच्या खंडाळ्यात ऐकायला मिळते. एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलियाहू, इथून रथात बसून स्वर्गात गेला, अशी श्रद्धा. कातळावरच्या खुणा म्हणजे त्याच्या घोड्यांच्या टापा आणि रथाची चाकं. गंमत बघा, अमेरिकेतले मॉर्मन मानतात की हाच एलियाहू ३ एप्रिल १८३६ रोजी ओहायोतल्या कर्टलंडच्या मंदिरात प्रकटला! पण पोहे, गूळ नि ओल्या खोबऱ्याच्या मलिद्याचा नैवेद्य त्याला आपल्या कोकणात मिळतो. नवस फेडायला इस्रायलहूनही मंडळी येतात.