डब्यातली सुरी आणि शाळेचा शस्त्रनियम

अमेरिकेत 1994 सालच्या ‘गन-फ्री स्कूल्स’ कायद्यानुसार, शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान वर्षभर शाळेतून काढावे लागते. मात्र प्रकरण पाहून शिक्षा कमी करण्याची मुभाही त्याच कायद्यात आहे. पुढे अनेक शाळांनी सुरी-चाकूंनाही तितकाच कडक नियम लावला आणि ही मुभा मागे पडली.

2009 मध्ये डेलावेअर राज्यातल्या नेवार्कमध्ये पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाने डबा खायला काटा, चमचा आणि सुरी एकत्र असलेले घडीचे साधन नेले. स्काउटसाठी मिळालेली ती वस्तू त्याला फार आवडत होती. नियमात वय आणि हेतू यांना जागाच नव्हती, म्हणून त्याला 45 दिवस सुधारशाळेत पाठवायचे ठरले. आईने जाहीरपणे जाब विचारला. अखेर शाळा मंडळाने नियम बदलला आणि लहानग्यांसाठी तीन ते पाच दिवसांचे निलंबन ठेवले.

प्रश्न विचारणे म्हणजे सुरक्षेला विरोध नव्हे. दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनातही सरकारी शाळेने आरोप सांगून मुलाची बाजू ऐकली पाहिजे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये ठरवले आहे.

तिकडच्या मराठी पालकांनीही नियमावली आधीच वाचावी आणि डब्यात फळे घरूनच चिरून द्यावीत. मुलावर कारवाई झालीच, तर कारण लेखी मागावे आणि त्याचे म्हणणे ऐकले जाईल याचा आग्रह धरावा.