खिशातली काळी वही

"सगळं तोंडपाठ आहे, लिहायचं कशाला?" असं दिग्रसच्या गटांत आम्ही नेहमी ऐकतो. म्हणून आज एका वहीची खरी हकिकत सांगतो. ती आहे दूरच्या नेदरलँड्स देशातली.

तिथल्या अ‍ॅमस्टरडॅम शहरात जाक गाउडस्टिकर यांची चित्रविक्रीची वडिलोपार्जित पेढी होती. हे कुटुंब ज्यू. आपल्या कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत, त्यांचाच हा धर्म. कोकणात हे लोक पिढ्यान् पिढ्या सुखानं नांदले. युरोपात मात्र हिटलरच्या राज्यात त्यांच्या जिवावरच बेतलं.

१० मे १९४० ला जर्मन फौज नेदरलँड्समध्ये घुसली. चार दिवसांनी जाक, पत्नी देसी आणि लहानगा मुलगा बोटीनं निघाले. रात्रीच्या अंधारात जाक बोटीच्या तळाशी, माल ठेवायच्या जागेत पडले आणि दगावले. त्यांच्या खिशात काळी वही होती. हजारावर चित्रांची नोंद तीत होती.

इकडे मालकामागे पेढी विकली गेली. हिटलरचा साथीदार गोरिंग यानं शेकडो चित्रं कवडीमोलानं घेतली. युद्धानंतर त्यांतली बरीच नेदरलँड्स सरकारच्या हाती आली. पण सरकारनं ती देसीबाईंना सरळ परत केली नाहीत. व्यवहार कागदावर झाला होता ना!

आता सांगा, धाकाखाली झालेली विक्री खरी कशी? आपला १८७२ चा करार कायदासुद्धा सांगतो, की जबरदस्तीनं संमती घेतली असेल तर त्या माणसाला करार रद्द करून मागता येतो. पण त्यासाठी आपलं काय होतं, हे आधी दाखवावं लागतं.

ते त्या वहीनं दाखवलं. १९९६ मध्ये देसीबाई आणि मुलगा दोघंही वारले. पुढे सुनेनं, मारेई फॉन साहेर यांनी, दावा लावून धरला. पहिल्यांदा नकार मिळाला, तरी त्या मागे हटल्या नाहीत. २००६ मध्ये सरकारनं २०२ चित्रं परत दिली. मधे ६६ वर्षं गेली होती.

मैत्रिणींनो, गटाची वही आपण नीट ठेवतो. तशीच एक स्वतःची ठेवा. माहेरचे दागिने, त्यांचं वजन, पावती, शेताचा गट नंबर, कुणाला उसने दिलेले पैसे, सगळं तारखेसह लिहा. एक नक्कल विश्वासाच्या माणसाकडे द्या. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या, पण या आठवड्यातच सुरुवात करा.