आज्ञावलीलेखक एजंटांची सुरक्षितता

आज्ञावलीलेखक एजंट : भाषा-प्रतिमानाच्या आधारे संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या व स्वतःच चालविणाऱ्या प्रणालीस ही संज्ञा देतात. असा एजंट फायलींत बदल करतो आणि इंटरनेटवरून माहिती आणतो. त्यामुळे त्याची चूक उत्तरापुरती मर्यादित न राहता प्रत्यक्ष कृतीत उतरते.

मूळ धोका असा, की मालकाची सूचना आणि वाचनात आलेला परका मजकूर हे दोन्ही प्रतिमानास शब्दांच्या एकाच प्रवाहातून मिळतात. त्यांत अचूक भेद करण्याची खात्रीशीर रीत उपलब्ध नाही. परिणामी एखाद्या फायलीत दडविलेले वाक्य एजंट आज्ञा समजून पाळू शकतो. या हल्ल्यास सायमन विलिसन यांनी २०२२ मध्ये ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव दिले.

अशा दोषाचे स्वरूप जुनेच आहे. नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये एका फोर्ट्रान भाषांतरकाचे उदाहरण नोंदविले. त्यास ज्या निर्देशिकेत लिहिण्याचा अधिकार होता, तीतच बिल-आकारणीची फाईलही होती. वापरकर्त्याने निर्गत माहितीसाठी नेमके तिचेच नाव दिले आणि आकारणीच्या नोंदी पुसल्या गेल्या. अधिकार भाषांतरकाचा, हेतू मात्र दुसऱ्याचा, अशी ही स्थिती होती. हार्डी यांनी तिला ‘गोंधळलेला प्रतिनिधी’ असे म्हटले.

यावरील उपाय प्रतिमानाच्या विवेकावर न सोपविता प्रणालीच्या रचनेतच योजावे लागतात. जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये मांडलेले किमान अधिकाराचे तत्त्व त्यांच्या मुळाशी आहे. एजंटास विलग आभासी यंत्रात ठेवून केवळ चालू प्रकल्पाच्याच फायली देतात. बाह्य संपर्क ठराविक पत्त्यांपुरता ठेवतात. गुप्त किल्ल्या एजंटाच्या हाती न देता मध्यस्थ आज्ञावली त्या परस्पर जोडते. माहिती नष्ट करणे, आज्ञावली प्रत्यक्ष वापरात आणणे इ. कृतींस मानवी संमती आवश्यक करतात. खाजगी माहिती, अविश्वसनीय मजकूर व बाहेर माहिती धाडण्याचा मार्ग ही तिन्ही एकत्र आल्यास चोरी शक्य होते. म्हणून त्यांपैकी निदान एक तोडतात. काही रचनांत परका मजकूर वाचणाऱ्या प्रतिमानास कोणतेच अधिकार नसतात. कृती करणारे दुसरे प्रतिमान तो मजकूर पाहत नाही.

या उपायांनाही मर्यादा आहेत. संमती वारंवार मागितल्यास ती यांत्रिकपणे दिली जाते. शिवाय एजंटाने लिहिलेली आज्ञावली पुढे विलग यंत्राबाहेर चालते, तेव्हा तिचे दोषही बाहेर येतात. म्हणून तिची स्वतंत्र तपासणी अपरिहार्य ठरते. रचनेमुळे एजंटाची फसगत टळत नाही. तिच्यामुळे होणाऱ्या हानीस मात्र सीमा पडते.