सुपरिंटेंडेंटचं साप्ताहिक पत्र

अमेरिकेत सुमारे १३,००० स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारे स्थानिक विभाग, आहेत. हवाईत मात्र अख्ख्या राज्याचा मिळून एकच. बहुतेक ठिकाणी मतदार स्कूल बोर्ड निवडतात आणि बोर्ड डिस्ट्रिक्टचा प्रमुख अधिकारी, म्हणजे सुपरिंटेंडेंट, नेमतं. बफलो आणि लुईव्हिल या शहरांनी हे पद १८३७ मध्येच निर्माण केलं. आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची नेमणूक शासन करतं, हा मोठा फरक.

अनेक सुपरिंटेंडेंट दर आठवड्याला शिक्षक, बसचालक, पालक अशा सगळ्यांना पत्र पाठवतात. बर्फामुळे सुट्टी, परीक्षा, बोर्डाची पुढची बैठक हे नेहमीचंच. खरी कसोटी पैशाच्या प्रश्नावर लागते. शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो आणि बऱ्याच राज्यांत इमारतीसाठी कर्ज काढायचं तर मतदारांचा कौल घ्यावा लागतो. अशा वेळी पत्रात नुसती माहिती द्यायची; ‘होकार द्या’ असा प्रचार डिस्ट्रिक्टच्या पैशातून करायला अनेक राज्यांत मनाई आहे. माझ्या मते ही बंधनं पत्राची पत वाढवतात.

पत्राच्या भाषेचाही प्रश्न असतो: इंग्रजी नीट न येणाऱ्या पालकांपर्यंत महत्त्वाची माहिती त्यांना समजेल अशा भाषेत पोहोचवणं १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे डिस्ट्रिक्टवर बंधनकारक ठरतं.